गोधडीचे पैसे कुठे लिहायचे?

एका वाचक भगिनीचे पत्र, थोडक्यात:

मी एका खासगी शाळेच्या कार्यालयात सकाळची अर्धवेळ नोकरी करते. पगार महिना १८,००० रुपये. चार वर्षांपूर्वी भाचीच्या बारशाला जुन्या साड्यांची गोधडी शिवली, तिचा फोटो नातेवाइकांत फिरला आणि ऑर्डरी यायला लागल्या. आता बाळांच्या गोधड्या, दुपटी, मोठ्या माणसांच्या पांघरायच्या गोधड्या असे सगळे करते. दोन बायका नगावर टाके घालून देतात. २०२५-२६ या आर्थिक वर्षात विक्री ५ लाख ६० हजारांची झाली. त्यातले ४ लाख ७० हजार यूपीआयने माझ्या बचत खात्यात आले, ९० हजार रोख. बंगळुरू, गोवा इथेही पार्सले जातात. मी आजवर कधी रिटर्न भरलेला नाही. मिस्टर म्हणतात, "हा तुझा छंद आहे, त्याचा कसला टॅक्स? एकदा रिटर्न भरलास की कायमचे मागे लागतील." नणंद म्हणते, पैसे सासूबाईंच्या खात्यात घे म्हणजे प्रश्नच मिटला. काही गिऱ्हाईक आपणहून यूपीआयच्या शेऱ्यात 'भेट' असे लिहितात. शाळेला यातले काही माहीत नाही आणि नेमणूकपत्रात परवानगीशिवाय दुसरा व्यवसाय करू नये अशी अट आहे. खात्यात वर्षभरात ८ लाख ३९ हजार जमा झालेले दिसतात, ते पाहून झोप उडाली आहे. मी काही चुकीचे तर करत नाही ना? आणि आता पावतीपुस्तक छापून घ्यायचे आहे, त्यावर नाव कोणाचे घालू?

उत्तर:

ताई, तुम्ही पत्रासोबत वहीच्या दोन पानांचा फोटो पाठवलात, त्याबद्दल आधी आभार. त्यातली एक ओळ मी दोनदा वाचली. 'निळी इरकली, बाळाची, २१०० ठरले, १५०० आले, बाकी ६०० (बारशाला देते म्हणाल्या).' ज्या बाईची वही अशी आहे तिला घाबरायचे कारण फार थोडे असते. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकींजवळ वही नसतेच. एक बाई तर साडीच्या खोक्यात लाइटबिलांच्या पाठीवर लिहिलेल्या तीन वर्षांच्या चिठ्ठ्या घेऊन आल्या होत्या. त्या जुळवायला आम्हाला चार रविवार लागले होते. तुमचे काम एका रविवारी होईल.

तुमच्या पत्रात 'सांगू की नको' हा प्रश्न निरनिराळ्या शब्दांत पाच वेळा येतो. पण काय सांगायचे, म्हणजे तुमचे उत्पन्न नेमके किती, हे तुम्ही अजून मोजलेलेच नाही. म्हणून सुरुवात तिथून करू.

खात्यातले ८ लाख ३९ हजार हे तुमचे उत्पन्न नाही. त्यात २ लाख १६ हजार पगार आहे, ४ लाख ७० हजार गोधड्यांचे आहेत, १ लाख भिशीचे आणि ५० हजार भावाने उसने घेतलेले परत केले ते आहेत. उरलेले ३ हजार बँकेचे व्याज. भिशीत तुमचेच पैसे फिरून तुमच्याकडे आले आणि भावाने तुमचेच पैसे परत दिले. या दोन्हींवर कर नाही. बँकेचे स्टेटमेंट छापून घ्या आणि प्रत्येक जमेपुढे पेन्सिलीने एक अक्षर लिहा: प पगाराला, ग गोधडीला, भ भिशीला, उ उसनवारीला. कंटाळवाणे काम आहे, पण पुढे कधी कोणी विचारलेच तर हीच पाने उत्तर देतील. आणि पुढच्या वर्षी हे करावे लागू नये म्हणून आजच दुसरे खाते उघडा. गोधडीचे पैसे तिथेच येतील, कापडाचे आणि कुरिअरचे तिथूनच जातील.

आता गोधड्यांचा हिशोब. विक्री ५ लाख ६०. खर्च तुम्ही लिहिलाय ३ लाख २० हजार: कापड १ लाख ५०, कापूस आणि दोरा ३५, टाके घालणाऱ्या दोघींची मजुरी ८४, कुरिअर ३६, प्रदर्शनातल्या स्टॉलचे भाडे १५. यावरून नफा २ लाख ४० हजार दिसतो. पण वहीच्या दुसऱ्या पानावर मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ३० हजारांचे कापड घेतल्याची नोंद आहे, आणि पुढे तुम्हीच लिहिलेय, 'अजून घडी मोडली नाही.' ते कापड कपाटात आहे. ते विकलेल्या गोधडीत गेलेले नाही, तेव्हा गेल्या वर्षाच्या खर्चात ते येत नाही. तो शिल्लक माल. कापडाचा खरा खर्च १ लाख २० हजार, एकूण खर्च २ लाख ९० हजार आणि नफा २ लाख ७० हजार.

इथे बहुतेक बायका मला विचारतात, "आणि माझ्या मजुरीचे काय? रात्री अकरापर्यंत मी बसते त्याचे?" तुमची मजुरी खर्चात धरता येत नाही, कारण ती या २ लाख ७० हजारांतच आहे. स्वतःच्या धंद्यात मालकाला पगार नसतो, नफा असतो. हे नियम म्हणून सांगते आहे, पण एक गोष्ट मनापासून सांगते: हा आकडा एकदा डोळ्यांसमोर आला की गोधडीची किंमत ठरवताना तुमचा हात कमी थरथरेल. २१०० च्या गोधडीत कापड, दोरा, मजुरी जाऊन तुमच्या वाट्याला किती राहतात आणि तिला किती रात्री लागतात, हे एकदा मांडून बघाच.

पगारातून ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट मिळते. अर्धवेळ नोकरी असली तरी ती पूर्णच मिळते. म्हणजे २ लाख १६ मधून राहिले १ लाख ४१. त्यात नफा २ लाख ७० आणि व्याज ३ हजार मिळवा. तुमचे एकूण उत्पन्न झाले ४ लाख १४ हजार.

नव्या करप्रणालीत २०२५-२६ साठी पहिल्या ४ लाखांवर कर नाही. पुढच्या १४ हजारांवर ५ टक्क्यांनी ७०० रुपये. पण एकूण उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर कलम ८७ ए ची सूट मिळते आणि हे ७०० रुपयेही शून्य होतात. ज्या कराच्या धास्तीने तुमची झोप उडाली तो शून्य रुपये आहे.

मग काहीच करायचे नाही का? तर तसे नाही. कर शून्य असणे आणि रिटर्न भरायची गरज नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि सगळ्यात जास्त माणसे इथेच फसतात. '१२ लाखांपर्यंत टॅक्स नाही' हे वाक्य सगळ्यांच्या तोंडी बसले आहे. पण रिटर्नची रेघ १२ लाखांवर नाही, ४ लाखांवर आहे. सूट मिळण्याआधीचे उत्पन्न ४ लाखांच्या वर गेले की रिटर्न भरावा लागतो, मग कर निघो न निघो. तुमचे उत्पन्न रेघेच्या १४ हजार वर आहे. कपाटातले कापड खर्चात धरले असते तर ते ३ लाख ८४ हजार दिसले असते आणि तुम्ही चुकून निर्धास्त राहिला असता.

मागच्या वर्षांचीही काळजी तुम्ही लिहिली आहे. २०२४-२५ मध्ये पगार २ लाख ४० हजार होता (तेव्हा शाळेत तास जास्त होते असे तुम्ही म्हणता) आणि विक्री २ लाख ६०, नफा सव्वा लाखाच्या आसपास. वजावट जाऊन २ लाख ९० हजार. त्या वर्षी नव्या प्रणालीतली रेघ ३ लाखांवर होती, तुम्ही तिच्या आत होता. त्याआधी तर विक्रीच एवढीशी होती. तेव्हा 'चार वर्षे मी लपवत आले' हे ओझे खाली ठेवा. तुम्ही लपवलेले काही नाही. जिच्या बाबतीत खरेच मागे कर निघत होता आणि भरला नाही, तिच्यासाठी अद्ययावत विवरणपत्राची, म्हणजे उशिरा भरायच्या 'अपडेटेड रिटर्न'ची सोय आहे. निर्धारण वर्ष (म्हणजे कमाईच्या आर्थिक वर्षानंतरचे वर्ष) संपल्यापासून ४८ महिन्यांपर्यंत ते भरता येते. मात्र थकलेल्या कर आणि व्याजावर पहिल्या १२ महिन्यांत २५ टक्के जादा, पुढे ५०, ६० आणि शेवटच्या टप्प्यात ७० टक्के. थांबत गेले की महागच पडते, म्हणून अशा वाचकांनी हा परिच्छेद वाचून फोन उचलावा.

आता मिस्टरांचा मुद्दा. ते तुमच्या काळजीपोटीच बोलतात हे मला दिसते. पण 'छंद' या शब्दाने इन्कम टॅक्समधून सुटका होत नाही. नफ्यासाठी, पुन्हा पुन्हा, ठरवलेल्या किमतीला वस्तू विकली की तो व्यवसाय झाला. दुकान नसले, पाटी नसली, कुठे नोंदणी नसली तरीही. बारशाला भाचीसाठी शिवलेली पहिली गोधडी ही हौस होती. विसावी गोधडी, जिच्यासाठी तुम्ही अर्धी रक्कम आगाऊ मागितलीत, ती धंदा आहे. गिऱ्हाइकांनी शेऱ्यात 'भेट' लिहिले तरी तेच. गोधडी देऊन घेतलेले पैसे भेट ठरत नाहीत. उलट वही म्हणते विक्री आणि शेरा म्हणतो भेट, या विसंगतीची उत्तरे तुम्हालाच द्यावी लागतील. गिऱ्हाइकांना प्रेमाने सांगा की शेऱ्यात गोधडीचे नाव लिहा, मला हिशोबाला बरे पडते.

'कायमचे मागे लागतील' या भीतीला एवढेच सांगेन की ज्या वर्षी उत्पन्न रेघेच्या खाली जाईल त्या वर्षी नुसते उत्पन्नापायी रिटर्न भरायची सक्ती उरत नाही. आणि आणखी एक सरळ सांगते. प्राप्तिकर विभागाच्या पोर्टलवर प्रत्येकाचे वार्षिक माहिती विवरण असते, त्यात तुमच्या व्याजासारख्या नोंदी दिसतील. गोधड्यांचे सुटे यूपीआय कदाचित तिथे दिसणारही नाहीत. दिसले तरच लिहायचे, असा हिशोब मात्र करू नका. रिटर्नच्या शेवटी दिलेली माहिती खरी आणि पूर्ण आहे असे जे लिहून द्यावे लागते, त्याखाली नाव तुमचे असते.

नणंदेची सूचना मला सगळ्यात धोक्याची वाटते, जरी ती घरच्या घरी मिटण्यासारखी दिसते. उत्पन्न ज्याच्या खात्यात पडले त्याचे होत नाही, ज्याने कमावले त्याचे होते. सासूबाई टाके घालत नाहीत, ऑर्डरी घेत नाहीत. उद्या प्रश्न आला तर उत्तर त्यांना द्यावे लागेल, या वयात. शिवाय पैशाच्या पलीकडची एक गोष्ट आहे. तुम्ही पुढे मशिनसाठी कर्ज घ्यायचे म्हणता. चार वर्षांचे तुमचे काम दुसऱ्याच्या पासबुकात असेल तर बँकेला दाखवणार काय? मुद्रा योजनेत ५० हजारांपर्यंत 'शिशू' आणि त्यावर ५ लाखांपर्यंत 'किशोर' कर्ज मिळते. तिथे धंदा तुमचा आहे हे कागदावर दिसावे लागते. त्यासाठी रिटर्नइतका बोलका कागद दुसरा नाही.

मग रिटर्न भरायचा कसा? नोकरदार माणसे सहसा भरतात तो आयटीआर १ तुम्हाला चालणार नाही, कारण त्यात व्यवसायाचे उत्पन्न दाखवायला जागाच नाही. ही चूक फार होते. शाळेत सगळ्यांचे रिटर्न भरून देणारे गृहस्थ पगार तेवढा टाकून मोकळे होतात आणि विचारतही नाहीत. तुमचा फॉर्म आयटीआर ४, म्हणजे 'सुगम'. त्यात कलम ४४ एडी ची अनुमानित पद्धत आहे. दोन कोटींपर्यंत विक्री असलेल्या छोट्या व्यवसायाने खर्चाची बिले न जोडता विक्रीच्या ठरावीक टक्के नफा दाखवायचा. बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या रकमेवर किमान ६ टक्के, रोखीवर किमान ८. तुमच्या बाबतीत हा किमान आकडा निघतो ३५,४००.

हा आकडा वाचून तुमचे मिस्टर म्हणतील, "मग ३५ हजारच दाखव की! रिटर्नच भरावा लागणार नाही." पुष्कळ जण तसे करतात हे मला माहीत आहे. मी तुम्हाला तसे सांगणार नाही. ६ टक्के हा किमान आकडा आहे, आणि त्याहून जास्त मिळाले असे तुम्ही सांगितलेत तर तो जास्तीचा आकडा धरायचा असे कायद्यातच लिहिले आहे. तुमच्या वहीतल्या स्वच्छ नोंदींवरून नफा २ लाख ७० हजार निघतो. ते दाखवूनही कर शून्यच आहे. मग ३५ हजार दाखवून मिळवणार काय? कर्जाच्या अर्जावर 'वार्षिक नफा ३५ हजार' हे वाचून कोणता बँक अधिकारी मशिनला पैसे देईल? खरा आकडा लिहा.

या पद्धतीत नफा एकदा ठरला की त्यातून कापड, कुरिअर असे खर्च पुन्हा वजा करता येत नाहीत, तो निव्वळच धरला जातो. म्हणून २ लाख ७० हजार लिहिताना खर्च आधीच वजा झालेले आहेत, हे लक्षात असू द्या. आणि ही पद्धत स्वीकारली की पुढची पाच वर्षे तिच्यात राहायची तयारी ठेवा. मध्येच सोडली तर त्यापुढची पाच वर्षे ती पुन्हा घेता येत नाही, आणि तेव्हा उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल तर हिशोबाच्या वह्या आणि ऑडिट मागे लागते. फॉर्ममध्ये येणे, देणे, शिल्लक माल आणि हातातली रोख यांचे ३१ मार्चचे आकडेही विचारतात. ते ६०० रुपये आणि ते ३० हजारांचे कापड तिथे जाईल. रिटर्न पाठवल्यावर ३० दिवसांत आधारवरच्या ओटीपीने पडताळणी करायला विसरू नका. तोवर तो भरला असे धरतच नाहीत. मुदत उलटून भरला तर ५ लाखांपर्यंत उत्पन्न असणाऱ्याला १,००० रुपये विलंब शुल्क लागते.

तुमच्या पत्रात नसलेली, पण तुमच्यासारख्या इतरांना लागेल अशी एक गोष्ट. नुसता पगार असणाऱ्याला दरवर्षी जुनी प्रणाली की नवी हे बदलता येते. व्यवसायाचे उत्पन्न आले की ती मोकळीक जाते: जुनी हवी असेल तर फॉर्म १०-आयईए मुदतीत भरावा लागतो आणि तिथून नवीत परत यायची संधी एकदाच. घरकर्ज, विमा यांच्या जोरावर जुन्या प्रणालीत असलेल्या वाचकांनी पहिली गोधडी, पहिला दागिना, पहिली मेणबत्ती विकायच्या आधी हा विचार करावा. आणि टीडीएस (आधीच कापून घेतलेला कर) जाऊन भरायचा कर १०,००० किंवा त्याहून जास्त निघत असेल तर आगाऊ कर लागतो. ४४ एडी वाल्यांनी तो सगळा १५ मार्चपर्यंत एकदाच भरायचा. तुमचा करच शून्य असल्याने तुम्हाला हे नाही. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर कायदा, २०२५ लागू झाला आहे. पण २०२५-२६ चा हा रिटर्न १९६१ च्या कायद्यानेच जाईल, म्हणून मी जुनीच कलमे सांगते आहे.

जीएसटी हा शब्द तुम्ही लिहिलेला नाही, पण बंगळुरू आणि गोव्याची पार्सले वाचून मी थांबले. वस्तू विकणाऱ्याला महाराष्ट्रात ४० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआयच्या जमेवरून छोट्या विक्रेत्यांना नोटिसा गेल्या आणि कित्येकांनी घाबरून क्यूआर कोड काढून ठेवले. तो वाद याच मर्यादेचा होता. तुमची विक्री तिच्या जवळपासही नाही. पण राज्याबाहेर करपात्र माल विकला की विक्री कितीही कमी असो, नोंदणी सक्तीची होते. याला हस्तकलेच्या वस्तूंचा अपवाद आहे: मुख्यतः हाताने घडवलेली, सरकारच्या अधिसूचित यादीत असलेली वस्तू, विक्री २० लाखांच्या आत, पॅन हवे आणि राज्याबाहेर जाणाऱ्या मालासोबत ई-वे बिल (माल नेण्यासाठी ऑनलाइन काढायचा कागद) हवे, मग पार्सल कितीही लहान रकमेचे असो. तुमचे टाके हाताचे आहेत, पण कड मशिनवर मारता असे वहीत दिसते. तेव्हा तुमची गोधडी त्या यादीत कोणत्या नावाने बसते हे कर सल्लागाराकडे प्रत्यक्ष गोधडी नेऊन, यादी समोर ठेवून ठरवा. सगळ्या प्रकरणात सल्लागाराची फी मोजण्यासारखी हीच एक जागा आहे. तोवर महिनाभर परराज्यातली पार्सले थांबवलीत तर चांगले.

आता शाळा. रिटर्न भरला म्हणून शाळेला काही कळत नाही. तो तुमच्यात आणि विभागात राहतो. इतर उत्पन्न मालकाला कळवायची सोय आहे, सक्ती नाही. पण नेमणूकपत्रातली अट हा वेगळा प्रश्न आहे आणि तो खरा आहे. चार वर्षे काही झाले नाही याचा अर्थ परवानगी मिळाली असा होत नाही. ज्या दिवशी कोणा पालकाने मुख्याध्यापिकांना "तुमच्या ऑफिसातल्या बाई काय सुरेख गोधड्या करतात" असे कौतुकाने सांगितले, त्या दिवशी ते तुमच्याऐवजी दुसऱ्याच्या तोंडून त्यांना कळेल. ते नको. तुम्हीच जा, तोंडी बोला आणि मागोमाग चार ओळींचा अर्ज द्या: 'मी शाळेच्या वेळेनंतर घरी हाताने गोधड्या शिवून विकते. या कामाचा शाळेच्या वेळेवर, जागेवर किंवा साधनांवर कोणताही परिणाम होत नाही. नेमणूकपत्रातील अटीनुसार या कामास लेखी परवानगी मिळावी, ही विनंती.' पोहोच म्हणून प्रतीवर सही-शिक्का घ्या. शाळेच्या संगणकावर ऑर्डरींची यादी ठेवत असाल तर ती त्याआधी घरी हलवा. मुख्याध्यापिका नाही म्हणण्याची शक्यता आहे, हे मी लपवत नाही. पण तुमच्या पगाराहून गोधड्यांचा नफा मोठा झालेला आहे, हे मनात ठेवून त्या खोलीत जा. (सरकारी नोकरीतल्या वाचकांनी मात्र आधी परवानगी, मग पहिली विक्री हाच क्रम ठेवावा. तिथे सेवा नियमच तसे आहेत.)

टाके घालणाऱ्या त्या दोघींबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलेत. त्यांची मजुरी वहीत वेगळ्या पानावर घ्या, तारीख, नग आणि रक्कम लिहून सही किंवा अंगठा घ्या. जमेल तिथे खात्यावर द्या. तुमच्या ८४ हजारांचा पुरावा होईल आणि त्यांच्याही कमाईची कुठेतरी नोंद राहील, जशी तुम्हाला तुमच्या कमाईची हवी आहे.

उद्यम नोंदणीही, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, करून टाका. आधारवर होते आणि सरकारी पोर्टलवर ती फुकट आहे. हजार-दोन हजार मागणाऱ्या दिसायला तशाच जागा पुष्कळ आहेत, तिथे पैसे भरू नका.

राहिले पावतीपुस्तक. धंदा एकट्याचा असला की कायद्याच्या नजरेत तो आणि तुम्ही एकच. पॅन तुमचे, खाते तुमचे, रिटर्न तुमचा. तेव्हा वर गोधडीच्या कामाला तुम्ही जे नाव ठेवाल ते मोठ्या अक्षरात, आणि खाली 'प्रोप्रायटर' लिहून तुमचे पूर्ण नाव, पॅनवर आहे अगदी तसे. जीएसटीची नोंदणी नाही, म्हणून पावतीवर कराचा रकाना ठेवू नका आणि गिऱ्हाइकाकडून त्या नावाने पैसे घेऊ नका. अनुक्रमांक छापील घ्या, प्रत्येक पावतीला कार्बनची एक प्रत ठेवा. आधी पन्नास पावत्यांचे एकच पुस्तक छापा. पहिली पावती त्या निळ्या इरकलीच्या उरलेल्या ६०० रुपयांची फाडा.